शोधाची मालकी आणि ग्रंथांची साक्ष

धार जिल्ह्यातील बदनावर हे नाव प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकांना एका विशेष कारणाने परिचित आहे. आचार्य जिनसेन यांनी आपल्या ‘हरिवंशपुराण’ या संस्कृत ग्रंथाच्या अखेरीस वर्धमानपुराचा आणि शके ७०५ चा, म्हणजे इ. स. ७८३ चा, स्पष्ट उल्लेख केला आहे. हे वर्धमानपुर म्हणजेच आजचे बदनावर होय, असे डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांचे मत. तर सौराष्ट्रातील वढवाण हेच ते स्थान, असे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे प्रतिपादन. या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बाराशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथकाराला आपल्या कृतीखाली नाव, स्थळ आणि काळ यांची नोंद करून ठेवावीशी वाटली. त्या नोंदीमागे श्रेयाची जाणीव होती. मालकीची मात्र नव्हती. ग्रंथाची नक्कल कोणीही करावी, तो पठण करावा, त्यावर टीका लिहावी, यास त्या काळी कोणाचीच हरकत नसे. उलट, नक्कल करून ग्रंथदान करणे हे पुण्यकर्म मानले जाई.

आज एखादा नवा शोध, नवी नक्षी किंवा नवे व्यापारी नाव कोणाचे, असा प्रश्न निर्माण झाला म्हणजे कायदाही जवळजवळ हेच तीन प्रश्न विचारतो. कोणी केले? केव्हा केले? आणि ते प्रथम कोठे प्रसिद्ध झाले? जिनसेनांच्या काळी श्रेयापुरती असलेली नोंद आज मालकीचा पुरावा ठरते. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यात मराठी माणसाच्या आणि माळव्याच्या वाट्याला काय आले, आणि ग्रंथालयासारख्या संस्थेचा त्याच्याशी संबंध कोणता, याचा विचार शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या स्मरणिकेत व्हावा, हे सर्वथा उचित होय.

गुपितापासून उघड्या पत्रापर्यंत

कायद्याने शोधाला संरक्षण मिळण्यापूर्वी कारागिराजवळ संरक्षणाचा एकच उपाय होता, आणि तो म्हणजे गुप्तता. रंगाचे प्रमाण, पोलादाला पाणी देण्याची रीत, औषधाचा पाठ या गोष्टी बाप मुलाला शिकवी. पुष्कळदा लेकीलाही त्या सांगितल्या जात नसत, कारण ती परघरी जाणार. या पद्धतीत कुटुंबाचा चरितार्थ सुरक्षित राही हे खरे. परंतु घराण्याचा वंश खुंटला की विद्याही खुंटत असे. आपल्याकडील किती कला अशा रीतीने काळाच्या उदरात गडप झाल्या, याची गणती करणे आता अशक्य आहे.

युरोपात या प्रश्नाला निराळे उत्तर शोधण्यात आले. १४७४ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने नवी यंत्रे व युक्त्या शोधणाऱ्यांना ठरावीक मुदतीपुरते अनन्य अधिकार देणारा कायदा केला. इंग्लंडमध्ये राजे आपल्या मर्जीतील लोकांना मीठ, पत्ते यांसारख्या नित्याच्या वस्तूंचेही मक्ते देऊ लागले, तेव्हा लोकक्षोभ होऊन १६२४ मध्ये पार्लमेंटने असे मक्ते रद्द केले. मात्र खऱ्या नव्या शोधासाठी चौदा वर्षांपर्यंतचा मक्ता कायम ठेवला. ‘पेटंट’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘उघडे’ असा आहे. राजमुद्रा लावलेले, परंतु मिटवून बंद न केलेले, सर्वांनी वाचावे असे ते पत्र. या शब्दातच कायद्याचे सारे मर्म साठवलेले आहे. शोधकाने आपले गुपित समाजापुढे संपूर्ण उघड करावे. त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला काही वर्षे एकट्याने लाभ घेऊ द्यावा. आणि मुदत संपताच ते ज्ञान सर्वांचे व्हावे, असा हा करार होय.

या विषयातील निरनिराळ्या हक्कांची पुष्कळदा गल्लत होते, म्हणून त्यांचा भेद एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करणे इष्ट ठरेल. समजा, एका कारागिराने नवा स्टोव्ह तयार केला. कमी तेलात अधिक आच देणारी त्याच्या बर्नरची नवी योजना हा पेटंटचा, म्हणजेच एकस्वाचा, विषय. डोळ्यांना भावणारा त्याचा नवा आकार किंवा नक्षी हा डिझाइनचा विषय. त्यावर छापलेले नाव व चित्र हे व्यापारचिन्ह, म्हणजेच ट्रेडमार्क. आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेतील लेखन हा कॉपीराइटचा विषय. वस्तू एकच, परंतु तिच्यातील चार गोष्टींना चार कायदे लागू होतात, आणि त्या प्रत्येकाची मुदत व अटी वेगवेगळ्या असतात.

हिंदुस्थानातील आरंभ

हिंदुस्थानात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्याअन्वये पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी केला, आणि त्यांचा शोध होता पंखा ओढण्याचे यंत्र! साहेबांच्या कचेरीतील छताचा पंखा दिवसभर दोरीने ओढणाऱ्या गरीब मजुराचे श्रम त्या काळी किती स्वस्त आणि किती गृहीत धरलेले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या पहिल्या पेटंटला सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व प्राप्त होते. हा कायदा इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती न घेता केलेला असल्यामुळे १८५७ मध्ये रद्द झाला आणि १८५९ मध्ये सुधारून पुन्हा अमलात आला. १८७२ मध्ये त्याचे संरक्षण डिझाइनांनाही मिळाले. पुढे १८८८ आणि १९११ मध्ये नवे कायदे झाले. यांपैकी १९११ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा मात्र १९४० पर्यंत नव्हता. तोपर्यंत व्यापाऱ्याने आपल्या चिन्हाविषयी दस्त-नोंदणी कचेरीत जाहीरनामा नोंदवावा, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी आणि नक्कल झाल्यास दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, एवढेच त्याच्या हाती होते. जुन्या मराठी मासिकांच्या मलपृष्ठांवर नकली मालापासून सावध राहण्याच्या ज्या सूचना वारंवार आढळतात, त्यांचे कारण हेच होय. त्या काळच्या चिन्हांत घोडा, उंट, हत्ती, सूर्य, कमळ अशी चित्रे विपुल दिसतात. बहुसंख्य गिऱ्हाईक निरक्षर होते. नाव वाचता आले नाही तरी चित्र ओळखता येई. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांच्या मालावर प्रथम घोड्याचे नाव होते. पुढे उंटाचे चिन्ह आले आणि ‘कॅमल’ हे नाव शाळेच्या दप्तरादप्तरात जाऊन पोहोचले. चित्र आणि विश्वास यांची सांगड कशी पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

येथे माळव्याच्या दृष्टीने एक गोष्ट विसरून चालणार नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचे हे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. बदनावर परगणा धारच्या पवारांच्या राज्यात होता. शेजारी देवास, इंदूर, ग्वाल्हेर, रतलाम ही संस्थाने होती. कलकत्त्यास मिळालेल्या हक्काची सत्ता संस्थानच्या सीमेवर येऊन थबकत असे. १९४८ मध्ये मध्यभारत संघ निर्माण झाला, १९५६ मध्ये त्याचे मध्यप्रदेशात विलीनीकरण झाले, आणि कालांतराने सर्व देशाला एकच कायदा लागू झाला. आज या भागातील पेटंटचे अर्ज मुंबईच्या कचेरीच्या कक्षेत येतात.

एका मराठी शोधकाची कथा

परतंत्र देशातील शोधकाची स्थिती कशी होती, हे समजून घ्यावयाचे असेल तर शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र पाहावे. २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेल्या भिसे यांना यंत्रांचा छंद बालपणापासून होता. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमींचे मंडळ स्थापन केले होते. धान्य किंवा पीठ आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यास इंग्लंडमधील एका स्पर्धेत बक्षीस मिळाले, आणि त्यांची कीर्ती मुंबईच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांपर्यंत गेली. दिनशा वाच्छा यांनी शिफारसपत्र दिले व भिसे लंडनला दादाभाई नवरोजींकडे जाऊन पोहोचले. ज्या दादाभाईंनी हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहत जाते हे आकडेवारीने सिद्ध केले, त्यांनीच एका मराठी तरुणाच्या शोधांसाठी आपल्या पदरचे पैसे खर्च केले. स्वदेशीचा हा पैलू आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही.

भिसे यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी शोध छपाईच्या टाइपांची जलद ओतणी करणारे यंत्र हा होता. शिशाचे टाइप जितके त्वरेने व स्वस्त ओतले जातील, तितके पुस्तक स्वस्त होणार, हे उघड आहे. ग्रंथांच्या प्रसाराशी इतका निकटचा संबंध असलेला शोध एका मराठी माणसाने करावा, याचे ग्रंथप्रेमींना विशेष कौतुक वाटले पाहिजे. लंडनच्या प्रस्थापित टाइप-ओतणाऱ्यांनी त्याविषयी शंका घेतली. भिसे यांनी यंत्र करून दाखविले. परंतु शोध सिद्ध होणे आणि तो बाजारात येणे यांत फार मोठे अंतर असते. प्रत्येक देशात स्वतंत्र पेटंट घ्यावयाचे, त्याची फी भरावयाची, वकिलांचे शुल्क द्यावयाचे, नमुना यंत्र घडवावयाचे आणि मगच भांडवलदाराशी करार करावयाचा. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने रतनजी जमशेटजी टाटा यांनी भांडवल दिले. परंतु अपेक्षित यश हाती आले नाही, आणि ते साह्यही अखेर थांबले. नंतर भिसे अमेरिकेस गेले. तेथे त्यांच्या टाइपयंत्राला आणि आयोडीनयुक्त औषधाला काही प्रमाणात चांगले दिवस आले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

भिसे यांना ‘हिंदुस्थानचे एडिसन’ म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. तथापि या तुलनेत एक मोठा भेद झाकला जातो. एडिसनच्या पाठीशी त्याच्या देशातील भांडवल, कारखाने आणि कायदा उभा होता. भिसे यांना हे तिन्ही परदेशात शोधावे लागले. पेटंटचा कागद शोधकाला दुसऱ्यास अडविण्याचा हक्क देतो. तो कारखाना देत नाही, गिऱ्हाईक देत नाही. ज्या समाजात कारखानदारीच रुजलेली नाही, तेथे हा हक्क हाती असूनही शोधक एकाकी राहतो, हा भिसे यांच्या चरित्राचा बोध आहे.

औषधांच्या किमती आणि १९७० चा कायदा

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती बक्षी टेकचंद आणि न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समित्यांनी या विषयाचा सखोल विचार केला. अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातील निष्कर्ष डोळे उघडणारा होता. हिंदुस्थानातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या नावे होती, आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक शोधांचा या देशात प्रत्यक्ष वापरच होत नव्हता. याचा अर्थ असा की, ज्या करारासाठी पेटंट देतात तो करारच येथे पाळला जात नव्हता. मक्ता परकीयांकडे, परंतु कारखाना येथे नाही, कसब येथे नाही आणि औषध मात्र महाग.

या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अन्न आणि औषध या वस्तूंवर पेटंट द्यावयाचे नाही. ती तयार करण्याच्या विशिष्ट कृतीवर तेवढे द्यावयाचे, आणि तेही अधिकाधिक सात वर्षांसाठी, असे त्याने ठरविले. त्यामुळे तेच औषध निराळ्या कृतीने तयार करण्याची वाट भारतीय रसायनशास्त्रज्ञांना मोकळी झाली, आणि भारताचा औषधउद्योग त्यावर उभा राहिला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यावर भारताला हे धोरण बदलणे भाग पडले. १ जानेवारी २००५ पासून औषधांवरही पेटंट मिळू लागले. मुदत २० वर्षांची झाली.

तरीही कायद्यात काही बंधारे राखण्यात आले. जुन्याच औषधात किरकोळ फेरबदल करून नवे पेटंट मागण्यास त्याचे ३(ड) हे कलम आडवे येते. रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाविषयी नोव्हार्टिस कंपनीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळली ती याच कलमाच्या आधारे. त्यापूर्वी मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरीलच दुसऱ्या एका औषधासाठी भारतात पहिला सक्तीचा परवाना देण्यात आला, आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आला. पेटंट हा विषय वकिलांच्या कपाटातील नसून रुग्णाच्या उशाशी असतो, हे या आकड्यांवरून कोणाच्याही ध्यानात यावे.

हळदीचा खटला

आता ग्रंथालयाशी थेट नाते सांगणाऱ्या प्रसंगाकडे वळावयास हवे. जखमेवर हळद दाबणे ही आपल्याकडील प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट. परंतु मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कचेरीने जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल ५४०१५०४ या क्रमांकाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकले. या बातमीने भारतात स्वाभाविकच संताप उसळला. पण संताप हा पुरावा नव्हे. आमच्या घरोघरी हे माहीत आहे, एवढे म्हणून अमेरिकेतील परीक्षकाचे समाधान होणार नव्हते. हे ज्ञान पेटंटच्या अर्जापूर्वी कोठे तरी छापून प्रसिद्ध झालेले होते, हे दाखविणे आवश्यक होते.

त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या आणि मुंबईत अत्यंत हलाखीत शिकलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने या पेटंटला आव्हान देण्याचा निर्णय घेतला. मग सुरू झाला तो शोध प्रयोगशाळेतील नव्हता. तो जुन्या पुस्तकांतील व नियतकालिकांतील होता. संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतून, तसेच जुन्या वैद्यकीय मासिकांतून मिळून ३२ उल्लेख गोळा करण्यात आले. काही ग्रंथ शंभर वर्षांहून जुने होते. भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही त्यात होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये अर्ज दाखल झाला आणि ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या कचेरीने आपलेच पेटंट रद्द ठरविले.

या विजयाचे श्रेय शास्त्रज्ञांना आणि वकिलांना आहेच. परंतु त्यात आणखी एका वर्गाचा वाटा आहे, ज्याचे नाव कोठेही घेतले गेले नाही. ते जीर्ण ग्रंथ ज्यांनी विकत घेतले, दाखल नोंदवहीत चढविले, कसरीपासून जपले आणि मागणाऱ्याच्या हाती दिले, त्या अज्ञात ग्रंथपालांचा तो वर्ग होय. एखादे पुस्तक अमुक तारखेस सर्वांना वाचावयास उपलब्ध होते, याचा पुरावा म्हणून ग्रंथालयाच्या तारखेच्या शिक्क्याला पेटंटच्या वादांत खरोखरीच मोल असते. मुखपृष्ठामागे उमटलेला तो जांभळा, पुसट शिक्का आपण किती दुर्लक्षित करतो!

या अनुभवातून शहाणे होऊन भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी शास्त्रांतील पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत उतरवून परदेशांतील पेटंट परीक्षकांना पाहण्यास देण्यात आले. कडुनिंबापासून तयार केलेल्या बुरशीनाशकाचे युरोपातील पेटंटही दीर्घ लढ्यानंतर २००५ मध्ये कायमचे रद्द झाले.

बागचे ठसे

ग्रंथात जे नोंदले गेले त्याचे रक्षण अशा रीतीने झाले. परंतु जे ज्ञान कारागिराच्या हातात आहे, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी धार जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी विख्यात असलेल्या बाग येथे खत्री समाजातील कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. कापड प्रथम खार, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजवून वाळवितात. मग त्याला हिरड्याचे पाणी देतात. चिंचोक्याच्या खळीत तुरटी मिसळून तांबडा आणि लोखंडाच्या गंजापासून काळा, असे दोन रंग सिद्ध करतात. छपाईनंतर कापड बागणी नदीच्या वाहत्या पाण्यात विछळतात आणि तांब्याच्या कढईत आलिझरीन व धावड्याची फुले घालून उकळतात. तांबड्याची ती विशिष्ट झळाळी नदीच्या पाण्यातील गुणामुळे येते, असे कारागीर सांगतात. गेल्या शतकात कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड आले, आदिवासींनी आपली परंपरागत वस्त्रे सोडली आणि ही कला मोडकळीस आली. तेव्हा इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी ती नेटाने जगविली व राष्ट्रीय सन्मानास पात्र केली.

१९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली २००८-०९ मध्ये ‘बाग प्रिंट’ची नोंद झाली. शेजारच्या रतलामची शेव, महेश्वरच्या साड्या, झाबुआचा कडकनाथ यांनाही असे मानांकन लाभले आहे. या हक्काचे वैशिष्ट्य असे की, तो एका व्यक्तीचा नसून त्या भूभागातील सर्व खऱ्या उत्पादकांचा असतो, आणि दर दहा वर्षांनी त्याचे नूतनीकरण करता येते. तरीही येथे कायद्याची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मानांकन नावाचे रक्षण करते, वेलबुट्टीचे नव्हे. दूरच्या गिरणीने तीच नक्षी यंत्रावर छापली आणि ‘बाग’ हे नाव वापरण्याचे टाळले, तर या कायद्याने तिला अडविणे कठीण. बरे, २००० च्या डिझाइन कायद्याचा आश्रय घ्यावा, तर तो केवळ नव्या नक्षीला दहा आणि वाढवून पाच, अशी पंधरा वर्षे संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्षी ‘नवी’ नसल्यामुळे त्यात बसत नाही. सर्वांत प्राचीन म्हणून जी सर्वांत मोलाची, तीच कायद्याच्या दृष्टीने निराधार ठरते, असा हा विपर्यास आहे.

कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत हेच प्रत्ययास आले. २०१८ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या संस्थांना तिचे मानांकन संयुक्तपणे मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा कारागिरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनीच दाद मागावयास हवी, असे सांगून न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली. कंपनीने मात्र त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य केली होती. तेथे कायद्यापेक्षा लोकमताचा आणि प्रसिद्धीचा दबाव अधिक परिणामकारक ठरला, असेच म्हणावे लागते.

बदनावरच्या दृष्टीने हा विषय आता परका राहिलेला नाही. तालुक्यातील भैंसोला येथे ‘पीएम मित्र’ योजनेतील विशाल वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. कापसापासून तयार कपड्यापर्यंतचे उद्योग एका ठिकाणी आणण्याची ही योजना आहे. अशा उद्योगात रोज नव्या नक्षी निघणार, नवी नावे बाजारात येणार. आणि त्याच जिल्ह्यात हाताने ठसा मारणारा कारागीरही असणार. यंत्राने त्याच्या नक्षीची नक्कल करावी की त्याच्या हाताला सन्मानाचे काम द्यावे, हा येत्या काळातील खरा प्रश्न आहे.

तरुण उद्योजकांनी आणि कारागिरांनी या बाबतीत काही गोष्टी मनाशी पक्क्या बांधून ठेवाव्यात. शोध असो वा नवी नक्षी, आधी अर्ज आणि मगच प्रसिद्धी हा क्रम सोडू नये. जत्रेत किंवा प्रदर्शनात वस्तू आधी मांडली आणि अर्ज मागाहून केला, तर तिचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपुष्टात येण्याचा धोका असतो. शोध अपुरा असेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिन्यांचा अवधी घेता येतो. व्यापारचिन्हाची नोंदणी दर दहा वर्षांनी कितीही वेळा वाढविता येते, आणि २०१७ च्या नियमांत व्यक्ती व लहान उद्योग यांच्यासाठी अर्जाची फी मोठ्या कंपन्यांच्या निम्मी ठेवलेली आहे. शेतकऱ्यांसाठी २००१ चा वाणसंरक्षण कायदा आहे. आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडच्या नावाखाली नसेल तर विकण्याचाही हक्क त्याने शेतकऱ्याला दिला आहे.

ग्रंथालयाचे कार्य

ग्रंथालय आणि बौद्धिक संपदा यांत वरवर पाहता विरोध आहे. एकाचे ब्रीद ‘सर्वांसाठी खुले’. दुसऱ्याचे ‘परवानगीवाचून प्रवेश नाही’. परंतु हा विरोध काळाच्या मर्यादेने मिटतो. पेटंटची वीस वर्षे संपली की त्यातील ज्ञान सर्वांचे होते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपुष्टात येऊ लागला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. म्हणजे मालकी ही तात्पुरती आणि सार्वजनिकता ही कायमची, असेच कायद्याचे मूळ तत्त्व आहे. मुदत संपल्यावर ते ज्ञान कोठे तरी जपलेले असले पाहिजे, आणि ती जागा ग्रंथालयाची आहे.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत एक ऐतिहासिक योग असा की, १८६७ च्या कायद्यान्वये ब्रिटिश मुलुखात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारला ठेवावी लागे व तिच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. राज्यकर्त्यांचा हेतू लेखनावर नजर ठेवण्याचा होता. परंतु त्या याद्यांमुळे कोणते पुस्तक केव्हा निघाले, हे आज निश्चित सांगता येते. संस्थानांत छापलेल्या पुस्तकपत्रांना हे भाग्य लाभले नाही. त्यामुळे माळव्यातील मराठी ग्रंथालयांच्या जुन्या कपाटांतील पाकशास्त्राची पुस्तके, वैद्यकाच्या चोपड्या, शेतीवरील पुस्तिका, जाहिरातींनी भरलेले मासिकांचे अंक यांचे मोल अधिकच वाढते. त्यांतील एखादे पान उद्या कोणत्या वादात साक्षीला उभे राहील, हे आज सांगता येणार नाही.

शतक पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील शतकासाठी कोणता संकल्प करावा, असे कोणी विचारल्यास एक काम सुचविता येईल. या परिसरातील कारागीर, शेतकरी, वैदू आणि घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्यापाशी जे ज्ञान आहे, ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी, तारीख घालून लिहून घ्यावे. कोणती नोंद खुली ठेवावी आणि कोणती कारागिराच्या इच्छेनुसार राखून ठेवावी, याचाही विवेक त्यात असावा. कारण नोंद करण्याच्या उत्साहात ज्याचे ज्ञान त्याच्याच हातून जाऊ नये. जिनसेनांनी ग्रंथाच्या अखेरीस नाव, स्थळ आणि शक लिहून ठेवला, म्हणूनच बाराशे वर्षांनंतर त्यांच्या काळाविषयी निश्चयाने बोलता येते. बागच्या ठशाविषयी, माळवी गव्हाच्या वाणाविषयी, एखाद्या घरगुती काढ्याविषयी पुढच्या पिढ्यांना तितक्याच निश्चयाने बोलता यावे, यासाठी एक वही, एक शिक्का आणि चिकाटीने काम करणारी चार माणसे एवढे साहित्य पुरेसे आहे.